रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर अडकलेली डिस्कनेक्टेड सेशन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती विंडोज सर्व्हर २०१६, २०१९ आणि २०२२ सांभाळणाऱ्या ॲडमिनसाठी आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाका, आणि कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडा.

युजरने फुलीवर क्लिक करून रिमोट डेस्कटॉपची विंडो बंद केली, तरी त्याचं सेशन (सर्व्हरवर उघडलेलं त्याचं लॉगिन) सर्व्हरवर का दिसतं?

कारण फुलीवर क्लिक केल्याने सेशन संपत नाही, फक्त डिस्कनेक्ट होतं. युजरच्या स्क्रीनशी असलेला धागा तुटतो, पण सर्व्हरवर त्याचं एक्सेल, टॅली, ब्राउझर सगळं जसंच्या तसं चालू राहतं. सोय मुद्दाम ठेवलेली आहे : वीज गेली, इंटरनेट गेलं, तरी परत आल्यावर काम जिथे सोडलं तिथेच मिळावं. सेशन खरोखर संपवायचं असेल तर स्टार्ट मेनूतून 'साइन आउट' करावं लागतं. हा फरक प्रत्येक नव्या युजरला पहिल्याच दिवशी समजावून सांगा. निम्म्या तक्रारी तिथेच थांबतात.

मग डिस्कनेक्टेड सेशन आणि अडकलेलं सेशन एकच का?

नाही. डिस्कनेक्टेड सेशन निरोगी असतं. युजर परत आला की ते उघडतं, आणि ॲडमिनने लॉगऑफ केलं की थोड्याच वेळात यादीतून जातं. अडकलेल्या सेशनची लक्षणं वेगळी : लॉगऑफ देऊन पाच-दहा मिनिटं झाली तरी नंबर यादीत तसाच, युजर परत जोडला की काळी स्क्रीन किंवा 'प्लीज वेट' वर थांबलेलं चक्र, यादीत युजरचं नाव गायब पण सेशनचा नंबर शिल्लक, किंवा स्थितीच्या रकान्यात 'डाउन'. यातलं काहीच नसेल तर सेशन अडकलेलं नाही, ते फक्त विसरलेलं आहे. त्यावर उपाय वेळमर्यादेचा, तो पुढे दिला आहे.

सेशन्सची यादी कुठे पाहायची आणि ती वाचायची कशी?

दोन कमांड पुरतात. 'क्वेरी युजर' लॉगिन केलेली माणसं दाखवते, 'क्वेरी सेशन' सगळी सेशन्स दाखवते, नाव नसलेलीही. दुसऱ्या मशीनवरून पाहायचं असेल तर पुढे '/सर्व्हर:' आणि सर्व्हरचं नाव जोडा.

'क्वेरी युजर'ची एक ओळ अशी दिसते :

अकाउंट३ — आयडी ७ — डिस्क — आयडल टाइम ३+०४:१२

म्हणजे 'अकाउंट३' या युजरचं ७ नंबरचं सेशन डिस्कनेक्टेड आहे आणि तीन दिवस, चार तास, बारा मिनिटं त्याला कुणी हात लावलेला नाही. अधिकचं चिन्ह दिवस आणि तास वेगळे करण्यासाठी आहे.

'क्वेरी सेशन'मध्ये दोन ओळींना कधीच हात लावायचा नाही. ० नंबरचं 'सर्व्हिसेस' हे सेशन विंडोजच्या सर्व्हिसेसचं आहे. ६५५३६ नंबरचं, 'लिसन' स्थितीतलं 'आरडीपी-टीसीपी' हा दरवाजा आहे, त्यावरूनच नवी कनेक्शन्स आत येतात.

दुरून कमांड दिल्यावर '०x०००००६बीए' हा एरर आला तर आरपीसी (दुसऱ्या मशीनला दुरून काम सांगण्याची विंडोजची सोय) पोहोचत नाही, म्हणजे समोरच्या सर्व्हरचं फायरवॉल पाहा. 'नो युजर एक्झिस्ट्स' असं उत्तर आलं आणि माणसं तर काम करताना दिसतायत, तर बहुतेक वेळा प्रॉम्प्ट ॲडमिन हक्कांनी उघडलेला नसतो.

'लॉगऑफ ७' दिलं, काहीच झालं नाही. आता?

घाईने रिस्टार्टकडे जाऊ नका. त्या सर्व्हरवर बाकीची माणसं काम करत असतात, एका अडकलेल्या सेशनसाठी सगळ्यांचं काम मोडायचं नाही. सेशन म्हणजे शेवटी काही प्रोसेसचा गट. त्यातली एखादी मरायला तयार नसते, म्हणून अख्खा गट थांबतो. ती शोधायची.

आधी युजरला फोन करून विचारा : न साठवलेलं काही उघडं आहे का? असेल तर त्याला एकदा परत जोडून पाहायला सांगा. पुष्कळदा 'सेव्ह करायचं का?' असा एखादा डबा उघडा राहिलेला असतो, उत्तर दिलं की सगळं मार्गी लागतं.

ते जमलं नाही तर 'क्वेरी प्रोसेस /आयडी:७' द्या. त्या सेशनमध्ये काय काय चालू आहे ते दिसेल. हेच टास्क मॅनेजरमध्येही पाहता येतं : 'डीटेल्स' टॅब, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक, 'सिलेक्ट कॉलम्स', त्यात 'सेशन आयडी' वर खूण करा आणि त्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. ७ नंबरच्या सगळ्या प्रोसेस एकाखाली एक येतील.

युजरच्या कामाचे प्रोग्रॅम (एक्सेल, ब्राउझर, हिशेबाचा प्रोग्रॅम, पीडीएफ वाचक) एकेक करून संपवा. एखादा संपत नसेल तर त्यावर राइट क्लिक करून 'ॲनलाइझ वेट चेन' पाहा. ती प्रोसेस कुणाची वाट बघत थांबली आहे ते तिथे झाडासारखं दिसतं. बरेचदा खरा दोषी प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस) निघतो, आणि तुम्ही उगाच एक्सेलला दोष देत असता.

कामाचे प्रोग्रॅम संपले की पुन्हा 'लॉगऑफ ७'. तरी हललं नाही तर 'रिसेट सेशन ७'. लॉगऑफ निदान रीतसर निरोप घेतो, प्रोफाइल लिहून ठेवतो. रिसेट त्याची पर्वा करत नाही. म्हणून तो नेहमी नंतर.

यानंतरही सेशन राहिलं तर त्याच सेशनची 'विनलॉगॉन' ही, लॉगिन-लॉगऑफ सांभाळणारी, प्रोसेस तिच्या पीआयडीने (प्रोसेसच्या नंबरने) संपवा : 'टास्ककिल /एफ /पीआयडी' आणि तो आकडा. विनलॉगॉन गेली की विंडोज उरलेलं सेशन आवरायला घेते. आकडा दोनदा तपासा, कारण प्रत्येक सेशनची स्वतःची विनलॉगॉन असते आणि चुकून दुसऱ्याची गेली तर त्या माणसाचं चालू काम तिथेच संपेल. सेशन नंबरही पुन्हा पाहा. मोकळे झालेले नंबर नव्या माणसाला मिळतात, आणि पंधरा मिनिटांपूर्वीचा ७ आता दुसऱ्याचा असू शकतो.

'सीएसआरएसएस' या प्रोसेसला हात लावू नका. ती विंडोजच्या लेखी अत्यावश्यक प्रोसेस आहे, ती मारली तर अख्खा सर्व्हर निळ्या स्क्रीनवर जाऊ शकतो. याच कारणाने 'त्या सेशनमधलं सगळं मारून टाक' अशी टास्ककिलची एका ओळीतली कमांड कुठे दिसली तर ती वापरू नका.

प्रोसेस मारली तरी मरत नाही, असं कसं?

तिचा धागा (थ्रेड) कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, एखाद्या ड्रायव्हरकडून उत्तर यायची वाट बघत थांबलेला असतो. तो परतल्याशिवाय विंडोज ती प्रोसेस पुसू शकत नाही. संशयित ठरलेले : अँटिव्हायरसचा फाइल फिल्टर (फाइलची ये-जा मधे तपासणारा ड्रायव्हर), बॅकअपचा फिल्टर, प्रिंटरचा ड्रायव्हर, पोहोचेनासं झालेलं नेटवर्क शेअर. 'एफएलटीएमसी' ही कमांड बसवलेल्या फिल्टर ड्रायव्हरांची यादी देते. अशा वेळी त्या दिवशी रिस्टार्टला पर्याय नसतो, पण रिस्टार्टआधी टास्क मॅनेजरमधून त्या प्रोसेसची 'क्रिएट डंप फाइल' घेऊन ठेवा. रिस्टार्टनंतर पुरावा उरत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रकार पुन्हा समोर येतो.

युजरचं नाव नाही, फक्त नंबर आणि 'डिस्क' किंवा 'डाउन'. हे भूत कुणाचं?

अर्धवट बंद झालेलं किंवा अर्धवट सुरू झालेलं सेशन. युजर निघून गेला, त्याचे प्रोग्रॅम गेले, पण विनलॉगॉन, सीएसआरएसएस, डीडब्ल्यूएम (स्क्रीनवरच्या खिडक्या रंगवणारी) अशा दोन-चार प्रोसेस मागे राहिल्या. एखाद-दुसरं असेल तर त्याचा मेमरीवर फारसा भार पडत नाही. कामाच्या वेळात सोडून द्या, रात्री विनलॉगॉनच्या मार्गाने काढा. मात्र रोज दोन-तीन वाढत असतील तर दुर्लक्ष करू नका. प्रत्येक लॉगऑफला काहीतरी अडतंय याचं ते चिन्ह आहे.

काय अडतंय ते लॉगमध्ये कुठे सापडेल?

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तीन ठिकाणी.

पहिलं, 'टर्मिनलसर्व्हिसेस-लोकलसेशनमॅनेजर'चा 'ऑपरेशनल' लॉग. यात २१ म्हणजे लॉगॉन, २३ म्हणजे लॉगऑफ, २४ म्हणजे डिस्कनेक्ट, २५ म्हणजे परत जोडणी. एखाद्या सेशनचा २४ आहे, तुम्ही लॉगऑफ दिल्याची वेळ माहीत आहे, पण २३ नाही, तर अडकण्याची वेळ हाती लागली. ४० नंबरचा इव्हेंट डिस्कनेक्ट का झालं त्याचा कोड देतो : ० म्हणजे जादा माहिती नाही, नुसती विंडो बंद केली की हाच येतो, ३ म्हणजे निष्क्रियतेची मर्यादा संपली, ५ म्हणजे दुसऱ्या कनेक्शनने जागा घेतली, ११ म्हणजे युजरने स्वतः डिस्कनेक्ट केलं.

दुसरं, ॲप्लिकेशन लॉगमधले 'विनलॉगॉन'चे ६००५ आणि ६००६. हे फार मोलाचे. लॉगऑफच्या वेळी कुणी वेळ खाल्ला त्याचं नाव त्यात असतं : 'प्रोफाइल्स' असेल तर प्रोफाइल लिहिण्यात अडचण, 'जीपीक्लायंट' असेल तर ग्रुप पॉलिसी. ६००६ मध्ये किती सेकंद लागले तेही येतं.

तिसरं, 'युजर प्रोफाइल सर्व्हिस'चा १५३०. युजर निघताना त्याची रजिस्ट्री फाइल कुणीतरी उघडी धरून बसलं होतं असं तो सांगतो, आणि त्या प्रोसेसचं नावही देतो.

लॉगऑफ स्क्रिप्ट लावलेली असेल तर तीही तपासा. ग्रुप पॉलिसी स्क्रिप्टसाठी विंडोज मुळात ६०० सेकंद थांबते. स्क्रिप्टमध्ये बंद पडलेल्या सर्व्हरचा ड्राइव्ह जोडलेला असेल तर युजर बरोबर दहा मिनिटं अडकतो. 'दर वेळी दहाच मिनिटं' अशी तक्रार आली की आधी इथेच बघा.

प्रिंटरचा आणि सेशन अडकण्याचा संबंध काय?

जवळचा आहे. युजर जोडला की त्याच्याकडचे प्रिंटर सर्व्हरवर उतरतात, निघताना ते काढावे लागतात. स्पूलर गोठलेला असेल तर ते काढणं अर्ध्यात थांबतं. 'नेट स्टॉप स्पूलर' आणि मग 'नेट स्टार्ट स्पूलर' द्या. त्या क्षणी छापत असलेल्यांची पानं अडतील, म्हणून आधी सांगून ठेवा. स्पूलर चालू होताच अडकलेली सेशन्स आपोआप सुटली तर रोग सापडला. पुढे पॉलिसीत 'रिमोट डेस्कटॉप ईझी प्रिंट' आधी वापरण्याची सेटिंग चालू करा, 'फक्त डीफॉल्ट प्रिंटर रीडायरेक्ट करा' हीही चालू करा, आणि सर्व्हरवर बसवलेले जुने कंपनी-ड्रायव्हर काढून टाका. ऑफिसात आठ प्रिंटर आणि वीस माणसं असतील तर या दोन सेटिंगनी फरक लगेच जाणवतो.

युजर परत आला तर त्याचा डेस्कटॉप रिकामा, सगळं नव्यासारखं. हे का?

जिथे प्रोफाइल वेगळ्या डिस्क फाइलमध्ये ठेवतात (एफएसलॉजिक्स किंवा युजर प्रोफाइल डिस्क) तिथे हे होतं. जुनं सेशन एका सर्व्हरवर अडकलं, त्याने ती डिस्क फाइल धरून ठेवली. युजर दुसऱ्या सर्व्हरवर गेला, तिथे ती फाइल उघडेना, आणि विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल दिलं. ॲप्लिकेशन लॉगमध्ये १५११ दिसेल. युजरला ताबडतोब थांबवा. तात्पुरत्या प्रोफाइलच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल साइन आउट होताच जाते, परत मिळत नाही.

डिस्क कुणी धरली आहे ते फाइल सर्व्हरवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट', 'शेअर्ड फोल्डर्स', 'ओपन फाइल्स' इथे दिसतं. आधी ज्या सर्व्हरने धरली आहे तिथलं सेशन संपवा. फाइल सर्व्हरवरून हँडल (फाइलवरची ती पकड) जबरदस्तीने तोडणं हा अगदी शेवटचा मार्ग. सेशन अजून लिहीत असेल तर डिस्क फाइल खराब होऊन युजरचं अख्खं प्रोफाइलच जाऊ शकतं. अँटिव्हायरसमध्ये व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स (याच डिस्क फाइलचे प्रकार) फाइल वगळल्या आहेत का, हेही बघा.

परत जोडल्यावर नुसती काळी स्क्रीन येते.

युजरला 'कंट्रोल+ऑल्ट+एंड' दाबायला सांगा. मेनू आला तर सेशन जिवंत आहे; टास्क मॅनेजर उघडून 'रन न्यू टास्क' मधून 'एक्सप्लोरर' चालू करा. मेनूच आला नाही तर वरचीच पायरीपायरीची पद्धत.

सर्व्हर २०१६ किंवा २०१९ वर लॉगिन दिवसेंदिवस मंद होत काळ्या स्क्रीनपर्यंत आलं असेल, तर फायरवॉलच्या नियमांची यादी उघडून बघा. प्रत्येक लॉगॉनला युजरच्या ॲपसाठी नवे नियम तयार होतात आणि जुने राहून हजारोंनी साचतात. सिस्टिम अपडेट करून, रजिस्ट्रीत 'शेअर्डॲक्सेस' सर्व्हिसच्या 'फायरवॉलपॉलिसी' खाली 'डिलीटयुजरॲपकंटेनर्सऑनलॉगऑफ' ही व्हॅल्यू १ करा. साचलेले नियम मात्र वेगळे साफ करावे लागतात.

अनेक सर्व्हर आहेत, आणि ब्रोकर (कुणाला कोणत्या सर्व्हरवर पाठवायचं ते ठरवणारा) युजरला पुन्हा पुन्हा त्याच मेलेल्या सेशनवर पाठवतो.

कनेक्शन ब्रोकरचं कामच ते आहे : जुनं सेशन असेल तर तिथेच न्यायचं. सर्व्हर मॅनेजरमध्ये कलेक्शनच्या (एकत्र बांधलेल्या सर्व्हरांच्या गटाच्या) 'कनेक्शन्स' भागात युजर शोधा आणि तिथून लॉगऑफ करा. पॉवरशेलमध्ये 'इन्व्होक-आरडीयुजरलॉगऑफ' हेच काम करते, '-फोर्स' लावून. नोंद हलत नसेल तर ज्या होस्टवर ती आहे तिथे 'एमएसटीएससी /ॲडमिन' ने (रिमोट डेस्कटॉपचाच प्रोग्रॅम) थेट जा, कारण त्या मार्गाला ब्रोकर आडवा येत नाही, आणि तिथलं सेशन संपवा.

वेळमर्यादा कुठे लावायची आणि किती ठेवायची?

ग्रुप पॉलिसी : कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, सेशन टाइम लिमिट्स. तिथली 'सेट टाइम लिमिट फॉर डिस्कनेक्टेड सेशन्स' ही आपल्या कामाची.

किती, हे कामावर ठरतं. जेवणाची सुट्टी आणि एखादी लांबलेली मीटिंग सामावेल असे २ ते ४ तास बहुतेक ऑफिसांना ठीक. १५ मिनिटं ठेवू नका. इंटरनेट थोडा वेळ गेलं की माणसाचं न साठवलेलं काम जाईल आणि तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. करसल्लागाराच्या ऑफिसात महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, जीएसटीआर-३बी भरायच्या गडबडीत, ही मर्यादा वाढवलेली बरी. आणि रात्रभर चालणारं काम कुणी डिस्कनेक्टेड सेशनमध्ये सोडत असेल तर ते टास्क शेड्यूलरमध्ये हलवा. सेशन त्यासाठी नाही.

रजिस्ट्रीत हा आकडा मिलिसेकंदात असतो : २ तास म्हणजे ७२,००,०००. एखादं शून्य कमी पडलं तर १२ मिनिटांत माणसं बाहेर.

मर्यादा लावली, तरी सेशन्स तशीच. का?

सगळ्यात जास्त होणारी चूक : 'आयडल' आणि 'डिस्कनेक्टेड' या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. आयडल मर्यादा संपली की सेशन, दोन मिनिटं आधी सूचना देऊन, फक्त डिस्कनेक्ट होतं. तिथूनच संपवायचं असेल तर 'एंड सेशन व्हेन टाइम लिमिट्स आर रीच्ड' चालू करावं लागतं. नुसती आयडल मर्यादा लावणारे ॲडमिन स्वतःच डिस्कनेक्टेड सेशन्सचा कारखाना उघडतात.

त्यानंतर 'जीपीरिझल्ट /एच' ने अहवाल काढून पॉलिसी खरंच पोहोचली का ते पाहा. कॉम्प्युटर आणि युजर दोन्हीकडे लावली असेल तर कॉम्प्युटरची चालते. कलेक्शनच्या गुणधर्मात वेगळी मर्यादा दिसत असेल तर पॉलिसी तिच्यावर मात करते. आणि कन्सोल सेशनला, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीनवरच्या लॉगिनला, डिस्कनेक्टेड मर्यादा लागूच होत नाही.

रिमोटॲप (अख्ख्या डेस्कटॉपऐवजी सर्व्हरवरचा एकच प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी प्रोग्रॅम बंद केला तरी सेशन उरतं.

शेवटचं रिमोटॲप बंद केल्यावर सेशन मुळात डिस्कनेक्ट होतं, लॉगऑफ होत नाही. त्याच पॉलिसी फोल्डरमधली 'सेट टाइम लिमिट फॉर लॉगऑफ ऑफ रिमोटॲप सेशन्स' लावा. तरी उरत असेल तर घड्याळाशेजारी बसणारा एखादा छोटा प्रोग्रॅम सेशन जागं ठेवत असतो. प्रोसेसच्या यादीत तो लगेच दिसतो.

नेट गेलं, युजर घरी गेला, पण सर्व्हर अजून 'ॲक्टिव्ह' म्हणतो.

सर्व्हरला पलीकडचा माणूस गेल्याचं कळलेलंच नसतं. 'कन्फिगर कीप-अलाइव्ह कनेक्शन इंटरव्हल' ही पॉलिसी चालू करून १ मिनिट ठेवा. 'युजरला एकच सेशन' ही पॉलिसीही चालू हवी. ती बंद असेल तर परत आलेल्या युजरला नवं सेशन मिळतं आणि जुनं बेवारस पडतं. एकाच नावाची दोन सेशन्स यादीत दिसली की ही सेटिंग तपासा.

पासवर्ड बदलल्यापासून खातं सारखं लॉक होतंय. याचा संबंध असू शकतो?

असतो, आणि हे शोधण्यात लोक दिवस घालवतात. विसरलेल्या डिस्कनेक्टेड सेशनमध्ये जुना पासवर्ड धरून ठेवलेला एखादा प्रोग्रॅम किंवा ड्राइव्ह असतो, तो मागून सारखा प्रयत्न करत राहतो. डोमेन कंट्रोलरच्या (खाती आणि पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० पाहा, त्यात कोणत्या मशीनवरून लॉक झालं त्याचं नाव येतं. त्या मशीनवर जाऊन युजरचं जुनं सेशन लॉगऑफ करा.

अडकलेलं सेशन लायसन्स खातं का?

आरडीएस कॅल (रिमोट डेस्कटॉप वापरण्याचं लायसन्स) नाही, कारण ती माणसागणिक किंवा उपकरणागणिक असते, एकाच वेळी किती जण आत आहेत यावर नाही. मात्र सेशनमध्ये उघडा राहिलेला प्रोग्रॅम 'एका वेळी इतके युजर' अशा लायसन्सचा असेल तर त्याची जागा अडते. हिशेबाची डेटा फाइलही उघडी राहते आणि रात्रीचा बॅकअप तिच्यावर अडखळतो. बॅकअपच्या वेळेआधी डिस्कनेक्टेड मर्यादा संपेल असं गणित बसवा.

सेशन होस्टची भूमिका (रोल) नसलेल्या सर्व्हरवर दोनच जण आत जाऊ शकतात, आणि दोन्ही जागा अडल्या आहेत.

तिसऱ्याने लॉगिन केलं की आतल्यांपैकी कुणाला डिस्कनेक्ट करायचं ते विंडोज विचारते. तेही जमेना तर दुसऱ्या मशीनवरून 'क्वेरी सेशन /सर्व्हर:' आणि मग 'लॉगऑफ'.

रिस्टार्ट करावाच लागला तर कसा करायचा?

'चेंज लॉगॉन /ड्रेनअंटिलरिस्टार्ट' द्या. नवी माणसं येणार नाहीत, पण आधी आत असलेली परत जोडू शकतील. 'मेसेज' पाठवून (कमांड 'एमएसजी स्टार', स्टार म्हणजे * हे चिन्ह) निदान १५ मिनिटांची मुदत द्या. सगळे निघाल्याचं 'क्वेरी युजर' ने पाहा, जे डिस्कनेक्टेड आहेत त्यांना फोन करा, मगच 'शटडाउन /आर /टी ०'. रिमोट डेस्कटॉप सर्व्हिस तेवढी रिस्टार्ट करून भागेल असं वाटतं, पण त्यानेही जोडलेले सगळे एकदम तुटतात आणि अडकलेलं सेशन बहुतेक वेळा तसंच राहतं.

ज्या प्रोसेसने सेशन अडकवलं तीच शटडाउनही अडवू शकते, आणि मग सर्व्हर धड चालूही नाही, बंदही नाही, आणि तुमचं कनेक्शन गेलेलं. म्हणून रिस्टार्ट देण्यापूर्वी हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअरचा कन्सोल, प्रत्यक्ष मशीन असेल तर आयलो किंवा आयड्रॅक (मशीनची स्वतःची दूरनियंत्रणाची सोय), उघडून लॉगिन करून ठेवा.